लालबागचे २४ लाख : कर्ज फेडायचे की किडनीसाठी राखायचे?

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. यजमानांचे (वय ४४) किडनी प्रत्यारोपण १६ महिन्यांपूर्वी झाले. किडनी सासूबाईंनी (वय ६७) दिली. यजमान अंधेरीला खासगी कंपनीत आहेत, पगार हातात ७८ हजार. मी शाळेत शिकवते, मला ३२ हजार मिळतात. मुलगी आठवीत आहे. औषधे आणि तपासण्यांचा खर्च महिन्याला सुमारे १४ हजार. गृहकर्ज २१ लाख बाकी आहे : दर ८.४ टक्के, मुदत ११ वर्षे, हप्ता २४,४००. लालबागच्या पागडीच्या खोलीचा हक्क सोडला, त्यातले यजमानांच्या वाट्याचे २४ लाख नुकतेच जमा झाले. त्यांना कर्ज एकरकमी फेडून मोकळे व्हायचे आहे. दीर म्हणतात, सगळे म्युच्युअल फंडात टाका. शिवाय कंपनीचा ५ लाखांचा आरोग्य विमा असताना २०१७ पासूनची आमची १० लाखांची फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकत्रित) पॉलिसी चालू ठेवावी का? तिचा प्रीमियम आता ४६ हजार झाला आहे.

उत्तर : कर्ज पूर्ण फेडू नका. पॉलिसी तर कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका.

आधी या २४ लाखांतले तुमचे किती, ते पाहू. पागडीचा भाडेहक्क सोडून मिळालेली रक्कम आयकरात भांडवली नफा धरली जाते. खोली आजोबा-वडिलांपासून चालत आलेली असेल आणि पागडी मोजल्याचा कागद नसेल, तर खरेदी किंमत शून्य धरली जाते, म्हणजे जवळजवळ सगळी रक्कम नफा. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्यावर ४ टक्के उपकर धरून २४ लाखांवर ३ लाख १२ हजार होतात. बरेच जण समजतात की घराचे कर्ज फेडले की हा कर वाचतो. तसे नाही. सवलत नवे घर घेण्यासाठी आहे, जुन्या घराचे कर्ज फेडण्यासाठी नाही. जुने कागद घेऊन या आठवड्यात सीएकडे जा आणि अग्रिम कराची तारीख विचारून घ्या, नाहीतर व्याज चढेल. तोपर्यंत ३.१२ लाख वेगळे काढा. हातात राहतात २०.८८ लाख. म्हणजे सगळे ओतले तरी २१ लाखांचे कर्ज पुरते फिटत नाही आणि खाते मात्र रिकामे होते.

आता मुख्य मुद्दा. जिवंत दात्याकडून मिळालेली किडनी साधारण १५ ते २० वर्षे साथ देते, मेंदूमृत दात्याची १० ते १२ वर्षे. ही सरासरी आहे. काहींची किडनी २५ वर्षेही चालते, काहींची पाचव्या वर्षी थकते. दात्याचे वय जास्त असेल तर नियोजनात खालचा आकडा धरावा. तुमच्यासाठी मी १२ वर्षे धरली आहेत. त्याहून जास्त मिळाली तर उत्तमच. पण यजमानांच्या साठीच्या आत पुन्हा डायलिसिस किंवा दुसरे प्रत्यारोपण समोर येऊ शकते, हे आजच्या हिशेबात असायला हवे.

किडनी जाण्याची कारणे पैशाच्या भाषेतही समजून घेण्यासारखी आहेत. काही वेळा शरीर हळूहळू तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. बीके नावाचा विषाणू असतो, मूळ आजार परततो, रक्तदाब आणि साखर त्रास देतात, आणि शरीराने किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचे टॅक्रोलिमस हे औषधही किडनीची थोडी झीज करते. पण जे कारण सर्वात जास्त आपल्या हातात असते ते म्हणजे औषधाचे डोस चुकणे. डोस चुकण्यामागे विसरभोळेपणा असतो, तसा पैशाचा तुटवडाही असतो. पगार लांबला, शाळेची फी भरायची आली, की घरातला माणूस कुणाला न सांगता मायकोफेनोलेटच्या (त्याच कामाचे दुसरे औषध) दोन गोळ्यांची एक करतो. लगेच काही होत नाही, म्हणून धीर येतो. रक्तातले क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की वाढणारा घटक) वाढलेले दिसते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. तुमच्या घरी असे कधीच घडू नये, याची व्यवस्था हाच या पैशाचा पहिला उपयोग.

१४ हजारांचा आकडाही स्थिर राहणार नाही. दरसाल ७ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी तो साडेसत्तावीस हजारांवर जातो. मध्येच उसळीही घेतो. आपल्याकडे टीबी कुणालाही होऊ शकतो, आणि त्यावरचे रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी इतकी खाली आणते की डोस कित्येक पटींनी वाढवावा लागतो. बिलही त्याच पटीत वाढते. उलट फ्लुकोनाझोल (बुरशीवरचे औषध) किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) यांनी पातळी चढते. पावसाळ्यातल्या जुलाबांनीही चढते. दर वेळी जादा रक्त तपासण्या लागतात. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस मिळून अनेकांना नव्याने मधुमेह होतो, त्याची औषधे वेगळी. अँटिबॉडीमुळे रिजेक्शन आले, म्हणजे शरीर किडनी नाकारू लागले, तर प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव बदलून अँटिबॉडी काढणे) आणि आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन) लागते. आयव्हीआयजीचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे बिल लाखांत जाते आणि विमा कंपनी त्यातले काही खर्च कापते.

म्हणून २०.८८ लाखांची विभागणी मी अशी करेन. ३ लाख फक्त औषधांसाठी, दोघांच्या नावे वेगळ्या खात्यात, ऑटो-स्वीप एफडी (जादा रक्कम आपोआप एफडीत जाते, लागेल तेव्हा परत येते) जोडून. यात आजच्या दराने दीड वर्षाची औषधे बसतात आणि थोडे वर उरते. या खात्याचे डेबिट कार्ड फक्त औषधाच्या दुकानात आणि लॅबमध्ये चालवायचे. ५ लाख अचानक रुग्णालयात भरती आणि बिनपगारी रजेसाठी, एक-एक लाखाच्या पाच एफडी करून, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांचे व्याज शाबूत. ७ लाख गृहकर्जात. उरलेले ५.८८ लाख दीर्घ मुदतीसाठी.

औषधांचे ३ आणि अचानक भरतीचे ५, अशा ८ लाखांवर ६.५ टक्क्यांच्या एफडीचे व्याज कर जाऊन ५.२ टक्के पडेल, आणि कर्जाला तुम्ही ८.४ भरत राहाल. वर्षाला २५-२६ हजारांचा हा तोटा मला मान्य आहे. कर्जात गेलेला पैसा परत हवा असेल तर बँक पुन्हा पगार, वय, प्रकृती सगळे बघते. यजमान भरती असताना, पगार अर्धा झालेला असताना, टॉप-अप (चालू गृहकर्जावर वाढीव) कर्ज मिळेल या भरवशावर राहता येत नाही. अशा वेळी वैयक्तिक कर्ज घेतले तर दर दीडपटीच्या पुढे जातो. तुमची बँक ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज देत असेल तर जरूर विचारा. त्यात जास्तीची रक्कम ठेवून व्याज वाचते आणि पैसे काढताही येतात. मात्र चालू कर्ज तसे बदलायला नवी मंजुरी लागू शकते आणि काढायची मर्यादा पुढे घटू शकते. तसे केले तरी पाच एफडी बाहेरच राहू द्या.

७ लाख भरताना एक गोष्ट बँकेला लेखी कळवा : मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा. सांगितले नाही तर बहुधा मुदत कमी केली जाते. व्याज वाचवायला मुदत कमी करणे चांगले, हे एरवी मीही सांगतो. तुमच्या घरात महिन्याची मोकळीक जास्त मोलाची आहे. १४ लाखांवर हप्ता सुमारे १६,३०० होईल, महिन्याला ८,१०० सुटतील. चांगल्या काळात जादा भरायला कुणी अडवत नाही, कारण बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. कर्जाला जोडलेली आयुर्विमा पॉलिसी असेल तर कर्ज कमी झाले म्हणून ती सरेंडर करू नका. निरोगी असताना मिळालेले ते संरक्षण आज पुन्हा मिळणार नाही.

दिरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ५.८८ लाख आणि सुटलेले ८ हजार दरमहा, हे बाजारात जाऊ द्या, पण शेअर्सचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. हा पैसा नेमका कधी लागेल हे तारीख बघून ठरत नाही, आणि बाजार पडलेला असताना किडनी थांबत नाही. सरासरी ८ टक्के धरले तर दहा वर्षांनी सुमारे २७ लाख होतात. परतावा कमी मिळाला तर रक्कमही कमी होईल. यातला पैसा मुलीच्या शिक्षणाला वळवायचा मोह होईल. त्यासाठी वेगळी एसआयपी करा, भले दोन हजारांची.

आता विमा. कंपनीचा विमा नोकरीपुरता. २०१७ पासूनची पॉलिसी यजमानांना आजारासकट स्वीकारते आणि दावे जास्त झाले म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. सलग पाच वर्षे झाली असल्याने जुनी माहिती लपवल्याचा आक्षेपही, फसवणूक सोडून, घेता येत नाही. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणे फार कठीण. त्यामुळे ४६ हजार जड वाटले तरी हा खर्च औषधांइतकाच आवश्यक समजा आणि ऑटो-डेबिट लावा. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांची सवलत असते, पण हप्ता भरेपर्यंत आलेला दावा मिळत नाही. फ्लोटर असल्याने यजमानांच्या एका मोठ्या भरतीत तुमचे आणि मुलीचे संरक्षणही संपू शकते. तुम्ही दोघी निरोगी आहात तोवर तुमच्यासाठी स्वतंत्र पॉलिसी आणि तुमच्या नावे टर्म विमा घ्या. घरातला दुसरा पगार तुमचा आहे.

प्रत्येक भरतीनंतर डिस्चार्जपुढच्या ६० किंवा ९० दिवसांची, त्या आजाराशी निगडित औषधे आणि तपासण्या दाव्यात बसतात. ही बिले मागे राहतात आणि पैसे बुडतात. एरवीची रोजची औषधे मात्र विम्यात येत नाहीत.

यजमानांच्या जुन्या टर्म पॉलिसीला गंभीर आजाराचा रायडर (जोडसंरक्षण) होता का, ते आजच बघा. डायलिसिस लागणारे किडनी निकामी होणे आणि मोठ्या अवयवाचे प्रत्यारोपण हे दोन्ही त्यात सहसा असतात आणि एकरकमी पैसे मिळतात. १६ महिने उलटले तरी अर्ज करा. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने २०११ मध्येच बजावले आहे.

नोकरी बदलायची वेळ आली तर राजीनाम्याआधी एचआरला गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याबद्दल विचारा. शेवटच्या दिवसानंतर दार बंद होऊ शकते.

खर्च कमी करायला प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवा बाजारात किंवा ओळखीच्या घाऊक दुकानात सवलत मिळते, ती घ्या. पक्के बिल आणि बॅच नंबर हवाच. टॅक्रोलिमसचा ब्रँड मात्र स्वस्त म्हणून स्वतःहून बदलू नका. बदलायचाच तर नेफ्रॉलॉजिस्टना विचारून, आणि नंतर पातळी तपासून. महिन्याला हजार रुपये वाचवताना पातळी घसरली तर पुढचे गणितच बिघडते. घरात नेहमी एक महिन्याचा जादा साठा ठेवा; जुलैत लोकल बंद पडली तर दुकानदारालाही माल मिळत नाही.

कराबाबत : १९६१ च्या कायद्यातील ८०डीडीबी कलमाखाली क्रॉनिक रीनल फेल्युअरच्या (किडनी कायमची निकामी होण्याच्या) उपचारखर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट आहे, पण फक्त जुन्या करप्रणालीत. तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर निदान लिहिलेले हवे आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते. दोन्ही प्रणालींचा हिशेब सीएकडून मांडून घ्या.

पुढे दुसऱ्या किडनीची वेळ आली तर घरात दाता असेलच असे नाही, आणि पहिल्या प्रत्यारोपणानंतर तयार झालेल्या अँटिबॉडींमुळे जुळणीही अवघड होते. डॉक्टरांनी सांगताच रुग्णालयामार्फत मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव नोंदवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांची मर्यादा आहे, तेव्हा रेशनकार्ड आणि आधारवरची नावे आताच जुळवून ठेवा.

सासूबाईंचा खर्चही या अंदाजपत्रकात घाला. एक किडनी दिलेल्या माणसाला दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे लागते, आणि गुडघे दुखले म्हणून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेता येत नाहीत. वर्षाला दोन-तीन हजारांत हे होते. औषधांच्या खात्यातूनच करा, म्हणजे त्यांना मुलाकडे पैसे मागायला लागणार नाहीत.