घामाच्या मुंबईत बर्फाचा हट्ट

प्रश्न: ताई, माझी मुलगी 9 वर्षांची आहे, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रोलर स्केटिंग करते. टीव्हीवर फिगर स्केटिंग, म्हणजे बर्फावरच्या उड्या-गिरक्या, बघितल्यापासून एकच धोशा, मला बर्फावर करायचंय, नॅशनल खेळायचंय. तिचे आजोबा म्हणतात, इथे सरबतातला बर्फ टिकत नाही आणि म्हणे नॅशनल! आपल्यासारख्या गरम देशात खरंच अशी स्पर्धा होते का? तिला आत्ता काय करू द्यावं? – एक आई, मुलुंड

उत्तर: होते हो, रीतसर होते. गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगसाठी केलेल्या बर्फाच्या मैदानावर, झालीय, 2025 मध्ये देहरादूनला झाली. आणि आजोबांना सांगा, कॅनडातसुद्धा स्पर्धेचा बर्फ काही आभाळातून पडत नाही, तोही मशीननेच करतात. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पाइप टाकलेले असतात, त्यातून शून्याच्या खालचं मिठाचं पाणी नाहीतर ग्लायकॉल (सहज न गोठणारं रसायन) फिरत राहतं आणि वरून थोडं थोडं पाणी मारत मारत थर चढवतात, सगळा मिळून बर्फ जेमतेम इंच-दीड इंच. फिगरवाल्यांना तो जरा मऊ लागतो, उणे 3-4 च्या आसपास, कारण ब्लेडची धार रुतायला पाहिजे ना. मजा म्हणजे खरवडलेला बर्फ परत गुळगुळीत करायला त्यावर चक्क गरम पाणी सोडतात, म्हणजे वरचा थर जरासा वितळून नवीन पाणी नीट चिकटतं.

आपल्याकडे उन्हाइतकाच वैताग दमटपणाचा. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं बघा, तेच अख्ख्या रिंकचं होतं, वर धुकं धरतं, म्हणून हवेतला ओलावा खेचणारी मशीनं दिवसभर चालू ठेवावी लागतात आणि मग लाइट बिल येतं ते येतंच. गोराईला एस्सेल वर्ल्डमध्ये होती की रिंक, मी तिथे कठडा धरून अर्धा तास काढलाय आणि कठडा सोडल्यावर दोन मिनिटांत जीन्स ओली करून बाहेर आलेय. 2022 पासून तेही बंद.

पण मॉलच्या रिंकला नावं ठेवू नका. फिलिपिन्सचा मायकल मार्टिनेझ लहानपणी दम्याचा पेशंट, मनिलाच्या मॉलमध्ये शिकला आणि 2014 ला सोची ऑलिम्पिकला जाऊन 19वा आला. मलेशियाचा ज्युलियन यीसुद्धा 2018 ला ऑलिम्पिक खेळला. आपली नॅशनल चॅम्पियन तारा प्रसाद मात्र अमेरिकेत जन्मली, तिकडेच शिकली, 2019 ला तिने भारताचं नागरिकत्व घेतलं. माझ्या मते यातच सगळं आलं. पोरं आहेत, हौस आहे, बर्फावर मिळणारे तास नाहीत. सिमल्याची रिंक 1920 पासून आहे पण उघड्यावर, रात्री ढग आले की बर्फच धरत नाही. देहरादूनची 2011 ला बांधली आणि मग वर्षानुवर्षं कुलूप. याला काय म्हणायचं!

आता मुलीचं. रोलर अजिबात बंद करू नका, तोल, एका पायावर सरकणं, पडायचं कसं, हे सगळं उपयोगी पडतं. फरक ब्लेडचा. त्याला खाली मधोमध खाच असते, म्हणजे एका पायाला दोन धारा, आतली आणि बाहेरची, आणि अख्खा खेळ कुठल्या धारेवर आहात यावर. पुढे दाते असतात, ते उडीसाठी, पण रोलरची पोरं हमखास त्यांनीच ढकलायला जातात आणि तोंडावर आपटतात. बर्फावर जाईपर्यंत घरी साध्या बुटांवर उडी मारून गिरकी घ्यायचा सराव करू दे, डान्स क्लासही चालेल. प्लॅस्टिकची सिंथेटिक रिंक मिळाली तर ठीक, फक्त त्यावर पाय अडकल्यासारखा वाटतो आणि धार लवकर बोथट होते.

नवीन स्केट्स एवढ्यात घेऊ नका, पाय वाढतोय. मे महिन्याच्या सुट्टीत आठवडाभर गुरुग्राम किंवा देहरादूनला न्या, आधी फोन करून रिंक चालू आहे ना ते विचारून. हातमोजे मात्र आत्ताच घेऊन ठेवा, मे महिन्यात दादरला मागितलेत तर दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील.