बुलेटच्या हेडचा इनटेक पोर्ट मोठा करायला कोणतं मशीन घ्यावं?

जुनी कास्ट आयर्न बुलेट 350 आहे, पोर्टिंग (इंजिनाच्या हेडमधली हवा-पेट्रोल आत येण्याची वाट घासून सुधारणं) घरीच करायचंय, आणि ड्रेमेल, एअर ग्राइंडर की ड्रिल मशीन यात अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. यातलं एकही मुख्य मशीन म्हणून घेऊ नका. 6 एमएम कोलेटचा (टोक पकडणाऱ्या चिमट्याचा) इलेक्ट्रिक डाय ग्राइंडर घ्या, ज्याला काही दुकानदार स्ट्रेट ग्राइंडर म्हणतात. फक्त त्याचा स्पीड कमी-जास्त करता आला पाहिजे.

ड्रिल मशीन जेमतेम 3,000 आरपीएमला फिरतं. एवढ्या कमी वेगात बर, म्हणजे धातू कापणारं फिरतं दातेरी टोक, धातूत अडकून उसळतो. ड्रेमेल 3000 फक्त 130 वॅटचं, त्यात 3.2 एमएमचा शँक (बरची मशीनमध्ये बसणारी दांडी). दाब दिला की स्पीड पडतो आणि मशीन तापतं. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते त्या गाईडजवळच्या बारीक फिनिशिंगला मात्र ते छान. एअर ग्राइंडर हातात हलका आणि थंड राहतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायला) तोच चालतो, पण तिथे मोठ्या कॉम्प्रेसरची लाईन असते. पंक्चरवाल्याकडच्या छोट्या कॉम्प्रेसरवर टाकी लगेच उतरते आणि तुम्ही हवा भरायची वाट बघत बसता.

फिक्स स्पीडचे ग्राइंडर साधारण 25,000 आरपीएमच्या आसपास फिरतात. पोर्टमध्ये खोल जायला लांब शँकचा बर लागतो आणि तो एवढ्या स्पीडचा नसतो. पोर्टबाहेर हवेत फुल स्पीडला सोडला तर शँक क्षणात वाकतो आणि मशीन हातातून झटकलं जातं. म्हणून बर आत टेकवूनच, कमी स्पीडला मशीन चालू करा. 10 एमएमच्या बरला 12 ते 15 हजार भरपूर झाले. लांब शँकला त्याहून कमी, पाकिटावर लिहिलंय तेवढाच.

आता बर. इंजिनाला कास्ट आयर्न म्हणतात ते बॅरलमुळे, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरमुळे. हेड अ‍ॅल्युमिनियमचंच आहे. त्यामुळे डबल कट (एकमेकांना छेदणाऱ्या बारीक दातांचा) बर नको, त्याचे दात मिनिटभरात भरून जातात. मोठ्या दातांचा, अ‍ॅल्युमिनियमसाठीचा कार्बाइड बर मागा, एक अंडाकृती आणि एक गोल टोकाचा सिलिंडर. मधूनमधून त्याला मेणबत्ती घासा. दगडी पॉइंट अजिबात वापरू नका. मशीनवर थोडे पैसे वाचवले तरी चालेल, बर मात्र चांगलाच घ्या.

आणि कळकळीने सांगतो, पोर्टचं तोंड मोठं करत सुटू नका. मूळ कार्ब (कार्बोरेटर) 24 एमएमचा. त्याच्यामागे 30 एमएमचा बोगदा केलात तर हवेचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमची ओढ जाते, जिच्यासाठी आपण बुलेट चालवतो. गॅस्केटपाशी दिसणारी पायरी काढा, गाईडभोवतीचा उंचवटा आणि सीटखालची (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या रिंगखालची) कड मऊ करा. पोर्टच्या तळाचं वळण जसं आहे तसंच राहू द्या. सीटला ओरखडा जाऊ नये म्हणून तिथे काम करताना जुना व्हॉल्व्ह बसवून ठेवा. शेवटी 80 नंबरचा एमरी रोल (पॉलिश पेपरची गुंडाळी) पुरे. इनटेकला आरशासारखं पॉलिश नको.

आधी भंगारातून कुठलंही अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणून त्यावर हात बसवा. डोळ्यांना बंद गॉगल आणि तोंडाला मास्क लावाच, कारण हा कीस सुईसारखा उडतो. काम झाल्यावर हेड आधी डिझेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि गाईडमधून बारीक ब्रश फिरवा. कीस तिथेच अडकून राहतो.