एजंट म्हणतो, स्टेंटचं लिहू नका

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. ह्यांचं वय ६८. तीन वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. शुगरमुळे रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. दिवाळीनंतर आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला जातोय. विम्याचा एजंट म्हणतो, फॉर्मवर स्टेंटचं लिहू नका, हप्ता वाढतो. तिकडं काही झालं तर कसं, ह्या काळजीनं झोप लागत नाही.
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, एजंटाचं अजिबात ऐकू नका. स्टेंट लिहा, शुगर लिहा, इन्सुलिनही लिहा. तिकडं छातीत कळ आली की डॉक्टर पहिलं हेच विचारणार, आणि ते कागद कंपनीकडे गेले की लपवल्याच्या कारणावरून क्लेम अडकतो. हप्ता तेव्हा स्वस्त वाटेल. लिहूनही पॉलिसी वाचाच. जुन्या आजाराला बऱ्याच पॉलिसी जिवावर बेतलं तरच पैसे देतात, तेही ठरावीक रकमेपर्यंत. काही तर देतच नाहीत. साध्या तपासण्या त्यात बसत नाहीत, त्या इथंच उरकून निघा.

आता माझीच फजिती सांगतो. टोरांटोला भावाकडे गेलो असताना मला भोवळ आली. नर्सनं हिला विचारलं, गोळ्या कोणत्या? ही म्हणाली, "ती बारकी पांढरी, सकाळची." अंबाजोगाईत पस्तीस वर्षं लोकांना चिठ्ठ्या लिहून दिल्या, स्वतःची एक लिहिली नव्हती! वर नर्स म्हणाली, शुगर अकरा. हिनं डोळ्याला पदर लावला. कॅनडाचं माप वेगळं. अकराला अठरानं गुणलं की आपले १९८ होतात. न्यू जर्सीत मात्र आपलंच माप चालतं.

म्हणून एक कागद इंग्रजीत टाइप करून घ्या. गोळ्यांची कंपनीची नावं नकोत, आतल्या औषधांची नावं आणि डोस हवेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर. स्टेंटची तारीख, कशाची ॲलर्जी आहे ते आणि लेकीचा नंबरही लिहा. एक प्रत ह्यांच्या खिशात, एक तुमच्या पर्समध्ये ठेवा. आपलं पॅरासिटामॉल तिकडं ॲसिटॅमिनोफेन नावानं मिळतं. वेगवेगळं समजून दोन्ही घेऊ नका.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, खाली सामानात ते गोठू शकतं. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेदहा तास मागं असतं. प्रवासाच्या रात्री इन्सुलिन कधी नि किती घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर जावई ऑफिसातून यायची वाट बघू नका. ९११ लावा. घराचा पत्ता फ्रिजवर चिकटवलेला असू द्या. इंग्रजी अडलं तर "मराठी, इंडिया" एवढं म्हणा, फोनवर दुभाषा मिळू शकतो. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे नाहीत म्हणून न तपासता परत पाठवायचं नाही, असा तिथं १९८६ चा कायदा आहे. बिल मात्र मागून येतं, आणि ते डोळे पांढरे करणारं असतं.

ह्यांच्या तंबाखूचं तुम्ही काही लिहिलं नाही. असेल तर तीही कागदावर येऊ द्या.

आणि हो, लेकीला इन्सुलिनचं माहीत आहे ना? परदेशातल्या लेकराला काळजी नको म्हणून आपल्याकडे निम्मं दुखणं झाकून ठेवतात. आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर तिला सांगून टाका, ह्यांना शेजारी बसवून.