आठ वर्षं बंद पडलेली बाबांची स्प्लेंडर पुन्हा चालू होईल का, की भंगारात द्यावी?

चालू होईल. तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे १९९९ ची हिरो होंडा स्प्लेंडर, ठाण्यात चरईतल्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरखाली आठेक वर्षं उभी, बाबा गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर, यात भंगारात घालण्यासारखं मला काही दिसत नाही. येझदी किंवा आरएक्स-१०० असती तर आधी पार्टचं काय, हे विचारलं असतं. स्प्लेंडर १९९४ ला आली आणि आजही बनतेय. हिरो आणि होंडा वेगळे झाले तरी ते आडवं ९७ सीसीचं इंजिन मुळात तेच राहिलं. ब्रेक शू, केबल, चेन-स्प्रॉकेट, कार्बोरेटरचं किट, सगळं ठाण्यातल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात उभ्या उभ्या मिळतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या पार्टच्या बाजारापर्यंत जायची वेळ बहुतेक येणारच नाही.

मी मेकॅनिक नाही. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी अशा गाड्या उघडून बसतो. पण एवढं ठामपणे सांगतो, उभी राहून गाडीचं जेवढं वाटोळं होत नाही, तेवढं पहिल्या पंधरा मिनिटांच्या उत्साहात होतं. तेव्हा हे वाचून खाली जाऊन किक मारू नका. आणि वॉचमनलाही मारू देऊ नका, कारण त्यांना फार हौस असते.

आधी ते प्लास्टिकचं कव्हर काढून फेकून द्या. ठाण्यात पावसाळ्यात स्टिल्टमधली हवा ओलीच असते. प्लास्टिकखाली तो ओलावा अडकतो, बाहेर पडत नाही. उघडी ठेवलेली गाडी धुळीने माखते, झाकलेली गंजते. पुढे कधी झाकायचीच झाली तर जुनी सुती चादर टाका. सीटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात टॉर्च मारून बघा. उंदराने घरटं केलं असेल तर चिंध्या, लेंड्या आणि कुरतडलेली वायर एकाच ठिकाणी सापडेल. वायरिंगचं बाकी काम मेकॅनिकवर सोडा, त्यात शिकण्यासारखं फार नाही.

आता इंजिन. स्प्लेंडरचा सिलिंडर बुलेटसारखा उभा नसतो, पुढच्या चाकाकडे तोंड करून जवळजवळ आडवा असतो. लोक स्पार्क प्लग काढतात, भोकातून चमचाभर तेल ओततात आणि समाधानाने चहाला जातात. ते तेल खालच्या भिंतीवर साचतं. वरच्या भिंतीला टेकलेल्या पिस्टनच्या रिंगा कोरड्याच राहतात. म्हणून मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आणा, तिला माशांच्या टाकीला लावतात ती बारीक नळी जोडा, आणि नळीचं तोंड आत वरच्या बाजूला वळवून साधं इंजिन ऑइल थोडं थोडं दाबत सोडा. नळी फिरवत चारही बाजूंना. नळी आत जायच्या आधी प्लगच्या आजूबाजूची माती ब्रशने झाडून घ्या, नाहीतर ती सगळी सिलिंडरमध्येच जाणार. रात्रभर तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी मेन स्टँडवर लावून, प्लग बाहेरच ठेवून, गाडी चौथ्या गिअरात टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी हळूहळू फिरवा. गिअर पडत नसेल तर चाक पुढे-मागे हलवत पायाने दाबा, पडेल. चौथा अशासाठी, की वरच्या गिअरात चाकाने इंजिन फिरवायला जोर कमी लागतो आणि कुठे अडकतंय ते हाताला कळतं. प्लगच्या भोकावर फडकं धरा, तेल उडतं. इंजिन फिरलं तर निम्मी लढाई जिंकलात. मग भोकावर अंगठा दाबून दुसऱ्याला हळू किक दाबायला सांगा. अंगठा फसकन बाहेर ढकलला गेला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आहे. अशी गाडी बघून जो मेकॅनिक प्लगही न काढता ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढच्याकडे जा.

फिरलंच नाही तर? गंज सोडवणारा स्प्रे मारा, दिवसाआड पुन्हा मारा, चाक अगदी थोडं पुढे-मागे हलवत राहा. आठवडा जाईल, जाऊ द्या. किकवर उड्या मारू नका. किकचे आतले दाते तुटले तर इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मग त्या मेकॅनिकचंच खरं होतं.

जुनं ऑइल काढून नवीन घाला, लिटरचा डबा पुरतो. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA) असं लिहिलेलं बघूनच घ्या. या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. घरी कारसाठी आणलेलं उरलंय म्हणून ते ओतलंत तर क्लच घसरायला लागेल. क्लचच्या प्लेटी इतक्या वर्षांत एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यामुळे पहिल्यांदा गिअर टाकताना क्लच दाबूनही गाडी उडी मारते. समोर भिंत किंवा कुणाची ॲक्टिव्हा नको. लिव्हर दोरीने बांधून रात्रभर दाबून ठेवलं तर बऱ्याचदा प्लेटी सुटतात.

पेट्रोलची बाजू मात्र सावकाश करा. टाकीतलं जुनं पेट्रोल एक थेंबही वापरू नका. टाकी उतरवून रिकामी करा आणि आत टॉर्च मारा. तळाला तांबूस पावडर असेल तर सायट्रिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून टाकीत भरून ठेवा. लिंबूफूल म्हणून किराणा दुकानात मिळतं तेच. गंज निघाला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, आणि लगेच, म्हणजे खरंच लगेच, हेअर ड्रायरने वाळवून आत थोडं तेल फिरवा. ओली टाकी अर्धा दिवस ठेवली तर पुन्हा तांबूस दिसते. टाकी छिद्रापर्यंत खाल्ली गेली असेल तर वेल्डिंगच्या फंदात पडू नका, दुसरी घ्या.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत तपकिरी, चिकट, जुन्या पाकासारखं काहीतरी बसलेलं असेल. तो पेट्रोलचा अवशेष. त्यातला स्लो जेट, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू ठेवणारी बारीक भोकाची पितळी नळी, नक्की बंद असणार. जेट उजेडाकडे धरून बघा, भोकातून गोल ठिपका दिसला पाहिजे. दिसला नाही तर कार्ब क्लीनर मारा. सुई किंवा पिन घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. फारच अडलं तर विजेच्या वायरीतली एक बारीक तांब्याची तार चालते. हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांनी आत जातो ते मोजून लिहून ठेवा, परत तेवढाच बसवायचा असतो.

पेट्रोलच्या नळ्या आणि रबरी रिंगा तर बदलाच. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, १९९९ च्या रबराने ते कधी पाहिलेलंच नाही. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. म्हणून पुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

टाकीच्या झाकणातलं हवेचं भोकही तपासा. आमच्याकडे एका शेजाऱ्यांची गाडी सुरू व्हायची, नाक्यापर्यंत जायची आणि मरायची. ठिणगीसाठीची कॉइल बदलून झाली, सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा) बदलून झाला. शेवटी काकांनी वैतागून पेट्रोल किती आहे ते बघायला झाकण उघडलं, तर ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुरू. कुंभारमाशीने त्या भोकात मातीचं घर केलं होतं. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. टाचणीचं काम होतं.

बॅटरी मेलेली असली तरी जुनी स्प्लेंडर किकवर सुरू होते, त्यामुळे पहिल्या दिवशी बॅटरीसाठी अडून बसू नका. हॉर्न आणि इंडिकेटरसाठी ती पुढे लागेलच. सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं पांढरा धूर येईल, आपणच ओतलेलं तेल जळतंय ते. स्टिल्टमध्ये करू नका, बाहेर काढा, नाहीतर पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरीकडे जातील. अर्ध्या तासानंतरही निळसर धूर राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेत. तेव्हा इंजिन खोला.

आता ब्रेक, आणि इथे काटकसर नको. ड्रम ब्रेकमधला लायनर, म्हणजे घासणारा पट्टा, शूला चिकटवलेला असतो. इतक्या वर्षांच्या दमटपणात तो गोंद मरतो. बाहेरून लायनर जाड, अगदी नवा दिसतो, पण कडेला नख घातलं की अख्खा तुकडा सुटून हातात येतो. हाच तुकडा चालत्या गाडीत सुटला तर ड्रममध्ये अडकून चाक जाम होतं. म्हणून शू कसेही दिसोत, पुढचे-मागचे दोन्ही नवे टाका. आतली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरचंही तसंच. बाजूवर चार आकडे असतात, ‘२२१४’ असेल तर तो २०१४ च्या बाविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक आहे म्हणून ठेवायचा मोह होईल, ठेवू नका. दोन्हीकडे २.७५-१८ च लागतो, ट्यूबसकट घ्या.

कागदपत्रांचं खरं तर आधी सांगायला हवं होतं, कारण पैसा तिथेच जातो. पंधरा वर्षांनी गाडी आपोआप बाद होते असं शेजारीपाजारी सांगतील. तो वाद दिल्ली-एनसीआरचा आहे. आपल्याकडे नोंदणीचं नूतनीकरण होतं, पाच-पाच वर्षांसाठी. तुमची मूळ नोंदणी २०१४ ला संपली. बाबांनी तेव्हा नूतनीकरण केलं असेल तर २०१९ ला. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून वैधता आणि थकलेली चलनं आजच बघा. वीस वर्षांपुढच्या मोटरसायकलची नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये २,००० रुपये झाली, ते ठीक. पण उशिराचे महिन्याला ३०० रुपये लागतात, आणि तुमचे महिने बरेच साठलेत. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची, पाटी. किती भरायचे आहेत ते आरटीओच्या खिडकीवर विचारा, मगच पाना हातात घ्या. माझ्या अंदाजाने इंजिन न खोलता गाडी दहा-बारा हजारांत रस्त्यालायक होईल. कागदांचा आकडा त्याच्या वर गेला तर दचकू नका.

नाव बदलायला वारसांसाठीचा फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला, आणि आई-भावंडांची संमती प्रतिज्ञापत्रावर. कुणी एजंट म्हणेल, ‘साहेब, विक्रीचे फॉर्म २९-३० भरू, बाबांची सही मी बघतो.’ त्याला तिथूनच वाटेला लावा. गेलेल्या माणसाच्या सहीची भानगड नको.

नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. तोवर ती चालवत नेऊ नका, छोटा टेम्पो करा. चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घेतात. तो पुढच्या हँडलच्या मानेवर कोरलेला असतो, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करा. फ्रेमला पावडर कोटिंग करायचा विचार असेल, आणि वागळेत ते चांगलं करणारे पुष्कळ आहेत, तर नंबरवर टेप लावून घ्या आणि वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढणाऱ्या सँडब्लास्टिंगवाल्याला दोनदा बजावा. नंबर बुजला तर आरटीओत तुमची गाडी चोरीची नाही हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. रंगही आरसीवर आहे तोच ठेवा.

रंगाचं म्हणाल तर मी करणार नाही. टाकीवरचा जुना हिरो होंडाचा स्टिकर आणि बाबांच्या गुडघ्याने घासलेली जागा पुन्हा कुठल्या दुकानात मिळणार? पण हे ज्याचं त्याचं.

कागद झाल्यावर चाचणीला घोडबंदरच्या गायमुख घाटात जाऊ नका, तिथे ट्रकच्या गर्दीत बंद पडली तर फजिती. उपवनहून येऊरच्या चढावर सकाळी न्या. तिसऱ्या गिअरात ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेटी बदलायच्या आहेत.

चाक हाताने फिरतंय की इंजिन जाम आहे, आणि ॲपवर वैधता कधीपर्यंत दाखवते, एवढं बघून इथेच लिहा. जाम असेल तर कुठला स्प्रे आणि किती दिवस ते सांगतो.