अ‍ॅमहर्स्टसारख्या अमेरिकी लिबरल आर्ट्स कॉलेजात विज्ञानाचे विषय घेऊन पदवी मिळते का?

अवश्य मिळते. लिबरल आर्ट्स म्हणजे केवळ कला शाखा नव्हे; अशा कॉलेजात कला आणि विज्ञान या दोन्हींचे विषय पदवीसाठी शिकवले जातात. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या बरोबरीने भौतिकशास्त्र, गणित व संगणकशास्त्र हेही पदवीचे मुख्य विषय आहेत. आपल्याकडे अकरावीलाच शाखा ठरते, तसे तेथे नाही: पहिल्या वर्षीचा एक चर्चासत्र-वर्ग सर्वांना सक्तीचा असतो, मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा असतो आणि त्याच्या अटी पूर्ण केल्यावर एकूण ३२ अभ्यासक्रमांपैकी उरलेले विद्यार्थी सल्लागार प्राध्यापकाशी चर्चा करून स्वतः निवडतो. भौतिकशास्त्राच्या जोडीला संगीत शिकण्याची ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. शिवाय जवळच्या स्मिथ व माउंट होलिओक या कॉलेजांतील आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील वर्गही जादा शुल्काशिवाय घेता येतात.

अभियांत्रिकीची पदवी मात्र अ‍ॅमहर्स्ट देत नाही. ती हवी असल्यास पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर किंवा मुलींसाठी स्मिथ कॉलेजाचा विचार करावा. अर्ज करण्यापूर्वी केवळ विषयांची यादी न पाहता, आपल्या आवडीच्या विषयातील वरच्या पातळीचे कोणते वर्ग मागील दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष भरले, हे आवर्जून तपासावे, कारण छोट्या विभागांत असे वर्ग दर सत्रात होत नाहीत.