फुलानी: 'भटके' की 'फिरते'?

प्रश्न असा आला आहे: पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी लोकांच्या जनुकीय इतिहासावर मराठीत लिहिताना, गुरं घेऊन हिंडणाऱ्यांना 'भटके' आणि गावात राहणाऱ्यांना 'स्थायिक' म्हटलं तर चालेल का?

'भटके' चूक नाही. 'भटक्या जमाती' सरकारदरबारी रुळलेलंच आहे. मला मात्र खटकतं. भटकण्यात ठावठिकाणा नसणं येतं. कुत्रीसुद्धा भटकीच असतात. फुलानी गुराख्याची वाट ठरलेली असते. पावसाळ्यात उत्तरेला साहेलच्या, म्हणजे सहारा वाळवंटालगतच्या कोरड्या पट्ट्यातल्या कुरणांवर, कोरड्या दिवसांत दक्षिणेला. कापणी झालेल्या शेतात गुरं बसवायची, गुरांना धाटं आणि शेतकऱ्याला खत. धनगरांचा वाडा कोकणात उतरून शेतात मेंढरं बसवतो, तेव्हा तो 'भटकायला गेलाय' असं कुणी म्हणतं का? 'फिरते पशुपालक' लिहा.

खरी अडचण 'स्थायिक'ची आहे. 'ते पुण्यात स्थायिक झाले' म्हटलं की माणूस मूळचा दुसरीकडचा हे आपोआप कळतं. फुलानींच्या शेजारच्या हौसा समाजातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच, त्याला स्थायिक कसं म्हणायचं? त्याला सरळ 'शेतकरी' म्हणावं. उलट 1804 मध्ये उस्मान दान फोदिओ या फुलानी धर्मगुरूचा जिहाद सुरू झाला, त्यातून आजच्या उत्तर नायजेरियात सोकोतोचं राज्य उभं राहिलं आणि कितीतरी फुलानी हौसा शहरांत राहून हौसाच बोलू लागले. ते मात्र अगदी नेमके स्थायिक.

जनुकांच्या लेखात हा घोळ महागात पडतो. मोठेपणीही दूध पचू देणारा एक जनुकीय बदल फिरत्या फुलानींमध्ये बराच आढळतो, शेजारच्या शेतकऱ्यांत क्वचित. तो युरोपात आणि आपल्या भारतातही सापडणाराच बदल आहे. केनिया-टांझानियातल्या पशुपालकांतला प्रमुख बदल वेगळा, असं 2007 मध्ये पुढे आलं. फुलानींचा बराचसा वारसा पश्चिम आफ्रिकेतलाच, त्यात उत्तर आफ्रिकेकडून आलेली भर आहे आणि हा बदल त्या वाटेनेच आला असावा, असं अभ्यासक मानतात. आता तुम्ही 'स्थायिकांमध्ये हे प्रमाण कमी' असं लिहिलंत, तर वाचकाने कोण समजायचं, हौसा शेतकरी की शहरी फुलानी? दुसऱ्याचे पूर्वज गुरांमागेच हिंडत होते. फिरतं असणं ही रोजीरोटी आहे, ती एका पिढीत बदलते. रक्तातला वारसा तसा बदलत नाही.

जाता जाता नावाबद्दल. 'फुलानी' हा हौसांचा शब्द. ते स्वतःला म्हणतात 'फुल्बे', पण ते अनेकवचन; एकटा माणूस 'पुल्लो'. तेव्हा शुद्धतेच्या हौसेने 'एक फुल्बे' लिहू नका. तसं पाहिलं तर हौसात 'फुलानी'ही अनेकवचनच आहे, पण मराठीत 'एक फुलानी' आता कानाला टोचत नाही.