खानापूर: घरीच पॉवर स्टीअरिंगचा पाइप बदलला, आता स्टीअरिंग जड झालंय आणि घरघरतंय. पंप गेला का?

पंपावर लगेच खर्च करू नका. पाइप सोडला की आत हवा शिरते, आणि घरघर बहुतेक वेळा त्या हवेचीच असते. पॉवर स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून बघा. तेलाला फेस आलाय, ते दुधाळ दिसतंय? मग हवाच.

पुढची चाकं जॅकने उचलून खाली स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड द्या. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा. तेल उतरेल तसं भरत राहा. टाकी रिकामी झाली की पुन्हा हवा ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करा. टोकाला 5 सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला.

तरीही जड असेल तर पंप फिरवणारा बेल्ट ढिला आहे का, रिटर्नचा (तेल टाकीत परत नेणारा) पाइप मुरगळलाय का, जोडाशी ओल आहे का, ते पाहा.

एक कळकळीची विनंती. गावातल्या गावात चालून जाईल, पण अशी गाडी जांबोटीवरून चोर्ला घाटात घालू नका. तिथल्या वळणांवर हाताचा जोर पुरत नाही.